पुडीतलं झोपलेलं यीस्ट

दुधाला विरजण लावताना आपल्या घरात दोनच गोष्टी पाहिल्या जातात. दूध बोटाला सोसेल इतकं कोमट आहे ना, आणि विरजण फार जुनं झालेलं नाही ना. विरजण कुठल्या गवळ्याच्या दुधाचं, असं कोणी विचारत नाही. घरी बिअर करणाऱ्या हौशी मंडळींचं मात्र नेमकं उलटं असतं. यीस्ट कुठल्या कंपनीचं घ्यावं, कुठल्या नंबरचं घ्यावं, यावर ती मंडळी अर्धी संध्याकाळ वाद घालतील. आणि एवढा काथ्याकूट करून आणलेली पुडी उन्हाळाभर मायक्रोवेव्हच्या वरच्या फळीवर ठेवतील, किंवा धड निवलेल्याही नाही अशा गरम काढ्यात रिकामी करतील.

मी यॉर्कशायरमध्ये खाद्यपदार्थांच्या एका प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं नोकरी केली. सूक्ष्मजीव मोजणं हे पोटापाण्याचं काम, आणि घरी बिअर करणं हा तिथल्या शेजाऱ्यांच्या संगतीनं लागलेला नाद. इंग्लंडमध्ये १९६३ च्या अर्थसंकल्पात रेजिनल्ड मॉडलिंग या अर्थमंत्र्यांनी स्वतःपुरती बिअर करण्यावरची परवान्याची अट काढून टाकली. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये तशा कायद्यावर सही केली, तरी मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांत परवानगी मिळायला २०१३ उजाडलं. आपल्याकडे दारूबंदीचा १९४९ चा कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. तेव्हा हे बोलणं प्रयोग करून बघण्यासाठी नाही. परदेशात असलेल्या मुलाच्या किंवा पुतण्याच्या घरी माळ्यावर पांढरी झाकणाची बादली दिसली, तर तिच्यात काय चाललंय ते कळावं, एवढ्यासाठी आहे. आणि यीस्ट हा प्राणी, खरं तर बुरशीच्या कुळातला एकपेशीय जीव, मला स्वतःला फार आवडतो, हेही एक कारण आहेच.

बिअर म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. ते भरडून गरम पाण्यात ठेवले की त्यांच्यातल्या पिठाची साखर होते. तो गोड काढा हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं घालून उकळायचा आणि निववायचा. ज्यांना एवढा उपद्‌व्याप नको त्यांच्यासाठी डबे मिळतात. त्यांतला अर्क दिसायला थेट काकवीसारखा असतो. त्यात पाणी घातलं की २३ लिटर, म्हणजे इंग्रजी मापानं ४० पाइंट काढा तयार. इथपर्यंत माणसाचं काम. इथून पुढे काढ्याची बिअर करतं ते यीस्ट. ते साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं.

हे काम एक जिवंत पेशी करते, हे माणसाला फार उशिरा उमगलं. डच कापडव्यापारी लेव्हेनहुक यानं १६८० मध्ये आपल्या भिंगाखाली यीस्टचे गोळे पाहिले होते, पण ते जिवंत आहेत हे त्याच्या ध्यानात आलं नाही. लुई पाश्चरनं १८५७ पासून त्यावर काम केलं आणि १८७६ मध्ये बिअरवर आख्खा ग्रंथ लिहिला. पुढे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यानं १८८३ मध्ये यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवलं. ब्रुअरीच्या मालकांनी ते वाण स्वतःपुरतं न ठेवता इतर ब्रुअऱ्यांनाही देऊन टाकलं. आज पुडीवर जो नंबर दिसतो, त्याचं मूळ हान्सेनच्या त्या एका पेशीच्या कल्पनेत आहे.

पुडी मात्र त्यानंतरची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला छावणीत पाव भाजता यावेत, म्हणून फ्लाइशमन कंपनीनं फ्रीजशिवाय टिकणारं वाळवलेलं यीस्ट तयार केलं. ते पावाचं यीस्ट होतं. घरगुती बिअरवाले बरीच वर्षं त्याच्यावरच भागवत, नाहीतर जवळच्या ब्रुअरीच्या मागच्या दारी बरणी घेऊन उभे राहत. पावाच्या यीस्टनं बिअर होत नाही असं नाही. पण ते निवडलेलं असतं भराभर वायू सोडून कणीक फुगवण्यासाठी. काम झाल्यावर नीट तळाला बसणं, चव स्वच्छ ठेवणं, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. बिअर गढूळ राहते आणि पुष्कळदा लवंगेसारखा वास मारते. आपल्याकडे गोव्याचे पोदेर पूर्वी पावाला माडाची सूर घालत. तिथे एकच यीस्ट दोन्ही घरी पाणी भरायचं, पण सुरीतला आंबूसपणा पावात गोड लागतो, बिअरमध्ये नाही.

यीस्ट वाळवतात कसं, ते पाहिलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. कारखान्यात ते मळीवर वाढवतात आणि वाढवताना त्याला भरपूर हवा देतात. मग पाणी काढून त्याचा घट्ट गोळा करतात आणि आपण सोऱ्यातून शेव पाडतो तसा तो बारीक भोकांतून दाबून काढतात. त्या शेवा कोमट वाऱ्याच्या झोतावर नाचवत वाळवतात. शेवटी पेशीत जेमतेम पाच-सहा टक्के ओल उरते. एवढ्या कोरडेपणात दुसरा जीव मरून जाईल. यीस्ट तगतं, कारण संकटाची चाहूल लागताच ते ट्रेहॅलोज नावाची एक साखर आपल्या अंगात साठवतं, आणि पाणी गेलं तरी पेशीचं आवरण कोसळू नये म्हणून ही साखर टेका देते. म्हणजे पुडीतलं यीस्ट मेलेलंही नाही आणि नुसतं वाळलेलंही नाही. ते झोपलेलं आहे. एका प्रसिद्ध फ्रेंच कंपनीच्या माहितीपत्रकात बरीच वर्षं ‘ग्रॅममागे किमान ६०० कोटी जिवंत पेशी’ असं छापलेलं असे. म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या पुडीत ६,९०० कोटी झाल्या.

झोपेतही पेशी मरत असतात. थंडीत हळू, उकाड्यात भराभर. म्हणून पुडी घेताना मी नावाआधी तारीख बघतो, आणि दुकानदार ती कुठे ठेवतो ते बघतो. फ्रीजमधून काढून दिली तर उत्तम. उन्हं येणाऱ्या काचेच्या कपाटातली असली, तर तिच्यावर कितीही मोठं नाव असो, मी घेत नाही. पुडी वीटेसारखी कडक हवी. हाताला मऊ लागली किंवा फुगलेली दिसली, तर आत हवा गेली आहे असं समजून ती टाकून द्यावी. फोडलेली पुडी घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवली, तरी आठवड्याभरात संपवावी. त्या काकवीसारख्या अर्काच्या डब्यांवर प्लास्टिकच्या टोपणाखाली एक चिमुकली पुडी फुकट मिळते, पाच-सहा ग्रॅमची. डबा गोदामात किती महिने आणि कुठल्या उन्हात पडला होता हे कोणालाच ठाऊक नसतं, आणि मुळात २३ लिटरला ती पुडी अपुरीच. मी ती काढा उकळताना त्यातच टाकतो. मेलेल्या यीस्टची सत्त्वं नव्या यीस्टला खुराक म्हणून उपयोगी पडतात. चांगली पुडी वेगळी विकत घ्यावी. आख्ख्या बादलीच्या खर्चात ती रक्कम किरकोळ असते.

आता या झोपलेल्याला उठवायचं कसं? कोरड्या पेशीत पाणी शिरतं ती पहिली काही मिनिटं फार नाजूक असतात. आवरण अजून सांधलेलं नसतं आणि आत काय घ्यायचं, बाहेर काय ठेवायचं, यावर पेशीचा ताबा नसतो. अशा वेळी भोवती दाट साखरेचा काढा असेल, तर काही पेशी तिथेच गारद होतात. यावरची जुनी रीत अशी. यीस्टच्या वजनाच्या दहापट पाणी घ्यायचं, म्हणजे एका पुडीला साधारण अर्धा कप. पाणी नळाचं, उकळून ३० अंशांच्या आसपास निववलेलं. क्षार काढून टाकलेलं आर.ओ.चं किंवा डिस्टिल्ड पाणी नको, आणि त्यात साखरही नको. पुडी वरून भुरभुरायची आणि पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. मग हलक्या हातानं ढवळायचं. मलईसारखा लगदा होतो, ताज्या पावाचा वास येतो. त्यात थोडा थोडा निवलेला काढा घालून दोघांचं तापमान जवळ आणायचं. दहा अंशांहून जास्त फरकाची उडी यीस्टला मानवत नाही. मग बादलीत ओतायचं.

गेल्या काही वर्षांत कंपन्याच म्हणू लागल्या आहेत की एवढं करायची गरज नाही, सरळ काढ्यावर भुरभुरा. वाळवण्याची कला सुधारली आहे आणि साध्या बिअरच्या बाबतीत त्यांचं म्हणणं बरोबर आहे. चार-साडेचार टक्क्यांची बिअर असेल तर मीही आता वाटी-चमच्याचा पसारा मांडत नाही. पण काढा दाट असेल, सात-आठ टक्क्यांची कडक बिअर करायची असेल, तर पंधरा मिनिटांचा आळस महाग पडतो. काही जण उत्साहानं वाळवलेलं यीस्ट आदल्या दिवशी साखरपाण्यात वाढवून ‘स्टार्टर’ करतात. बाटलीतल्या द्रवरूप यीस्टला ते योग्य, पुडीतल्याला नाही. कारखान्यात भरपूर हवा देऊन वाढवलेलं असल्यामुळे त्याच्या अंगी पहिल्या कामाची शिदोरी आधीच बांधलेली असते. स्टार्टरमध्ये ती शिदोरी संपून जाते. याच शिदोरीमुळे पहिल्या खेपेला काढ्यात हवा मिसळण्यासाठी बादली हेंदकाळत बसण्याचीही गरज राहत नाही.

प्रमाण सोपं आहे. साध्या एल जातीच्या बिअरला लिटरमागे अर्धा ते पाऊण ग्रॅम, म्हणजे २० ते २३ लिटरला एक पुडी. थंडीत आंबणाऱ्या लागर बिअरला लिटरमागे एक ग्रॅमच्या घरात, म्हणजे दोन पुड्या. थंडीत पेशी सावकाश काम करतात, म्हणून मजूर जास्त लावायचे, इतकाच त्याचा अर्थ. दुसऱ्या पुडीचे पैसे वाचवण्यापायी सहा आठवड्यांची लागर वाया घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि आता नावं. नावांना अर्थ नाही असं मी म्हणत नाही. प्रत्येक वाणाचा स्वभाव वेगळा असतो आणि आपल्या घरात कुठला खपेल ते पाहावं लागतं. एस-०४ हे इंग्रजी वाण आहे. झपाट्यानं काम करतं आणि संपलं की तळाला असं घट्ट बसतं की बाटली कलंडली तरी हलत नाही. त्याला थोडा फळांसारखा वास असतो, जो इंग्लंडमधल्या जुन्या पबमध्ये येतो. यूएस-०५ अमेरिकी, अलिप्त स्वभावाचं. स्वतःची चव मध्ये आणत नाही, हॉप्सना बोलू देतं, पण खाली बसायला वेळ घेतं. नॉटिंगहॅम नावाचं वाण थंडी सोसतं, बारा-चौदा अंशांतही कुरकुरत नाही. यॉर्कशायरच्या घरात हिवाळ्यात मला त्याचाच आधार असे. एकच वाण ठेवायला सांगितलं, तर मी तेच ठेवीन. विंडसर हे त्याचंच भावंड म्हणावं असं, त्याच कंपनीचं, पण खाण्यात चोखंदळ. काढ्यातल्या साखरेत १५ ते २० टक्के माल्टोट्रायोज नावाची साखर असते. विंडसर तिला तोंडच लावत नाही. म्हणून बिअर गोडसर, अंगानं भरलेली राहते. हा त्याचा गुण आहे, पण माहीत नसलेला माणूस ‘यीस्ट मध्येच थांबलं’ म्हणून घाबरतो. लागरसाठी डब्ल्यू-३४/७० हे बव्हेरियातल्या वाइनश्टेफानचं वाण जगभर वापरतात. लागरचं यीस्ट हे मुळात दोन जातींचा संकर आहे. त्यातला थंडी सोसणारा पालक कोण, याचा पत्ता २०११ मध्ये लागला. दक्षिण अमेरिकेत पॅटागोनियाच्या जंगलात, झाडांवरच्या गाठींमध्ये तो सापडला. बव्हेरियाच्या तळघरातल्या बिअरचा पूर्वज असा जगाच्या दुसऱ्या टोकाला!

वाण कुठलंही असो, पहिले तीन दिवस त्याचं तापमान सांभाळणं हे निवडीपेक्षा मोठं काम आहे. चव बनते ती याच दिवसांत. आंबताना बादलीत स्वतःची ऊब तयार होते आणि आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी वर जातं. खोली २२ वर असेल तर आत २५-२६ होतं, आणि मग तेच शहाणं यीस्ट असे काही जड वास सोडतं की दुसऱ्या दिवशी डोकं धरावं लागतं. एलला आतून १८ ते २० अंश, लागरला १२ ते १५.

फार थंडीचंही तसंच. मँचेस्टरला राहणाऱ्या माझ्या पुतण्याचा एका डिसेंबरात रात्री फोन आला.

“काका, छत्तीस तास झाले, एक बुडबुडा नाही. ओतून टाकू का सगळं?”

“बादली कुठे आहे?”

“गॅरेजमध्ये.”

गॅरेजमध्ये आठ अंश होते आणि बादलीत यूएस-०५. यीस्ट मेलं नव्हतं, थंडीनं गारठलं होतं. मी त्याला बादली स्वयंपाकघरात आणायला सांगितली, भोवती गोधडी गुंडाळायला सांगितली आणि निर्जंतुक केलेल्या पळीनं एकदा तळापासून हळूच ढवळायला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं पाठवलेल्या फोटोत झाकणाला फेस लागला होता. एरवी बारा ते चोवीस तासांत चाहूल लागते. पण बुडबुड्यांवर फार विसंबू नये. झाकण जरा सैल असलं की वायू कडेनं निघून जातो आणि नळीतून काहीच दिसत नाही.

खरं काय ते हायड्रोमीटर सांगतो. दूधवाल्यांचा लॅक्टोमीटर पाहिला असेल, त्याचाच हा भाऊ. काढा १.०४० ला सुरू झाला आणि १.०१० ला थांबला, तर साधारण चार टक्के अल्कोहोल झालं. ‘थांबला’ म्हणजे दोन-तीन दिवसांच्या अंतरानं घेतलेलं माप तेच आलं पाहिजे. यात घाई नको, आणि इथे प्रश्न नुसत्या चवीचा नाही. बाटलीत फेस यावा म्हणून भरताना लिटरमागे चार-पाच ग्रॅम साखर घालतात. समजा बिअर १.०१० ला जायची होती आणि कोणी ती १.०१४ लाच भरली. मग लिटरमागे आणखी आठ-दहा ग्रॅम साखर आत बंद झाली. हिशेबाच्या तिप्पट वायू. माझ्या एका सहकाऱ्याच्या घरी जिन्याखालच्या कपाटात एका रात्रीत तीन बाटल्या फुटल्या. काचेचे तुकडे लाकडी दारात रुतले होते, आणि त्या कपाटात दिवसा त्याच्या मुली लपाछपी खेळायच्या.

यात वाणाचीही एक खोच आहे. गव्हाच्या बिअरचं डब्ल्यूबी-०६ आणि बेल्जियन धर्तीचं बेल सेझों ही वाणं इतरांना न पचणारं पिष्टही फोडून खातात, आणि तेही आठवडेच्या आठवडे, सावकाश. यांना जास्त मुदत द्यावी आणि त्यांनी वापरलेली नळी-बादली दुसऱ्या बिअरला घेण्याआधी कसून धुवावी. एखादी पेशी जरी मागे राहिली, तरी ती पुढच्या बाटल्यांत तेच उद्योग करते. नवख्यानं पहिल्या खेपेला काचेऐवजी प्लास्टिकच्या बाटल्या वापराव्यात. दाब वाढला की त्या हाताला दगडासारख्या लागतात, आणि झाकण हलकेच सैल करून वायू सोडता येतो.

आंबणं थांबल्यावरही मी बिअर तीन-चार दिवस यीस्टवर तशीच ठेवतो. मधल्या काळात यीस्टनं लोण्यासारख्या वासाचा डायॲसिटिल नावाचा पदार्थ सोडलेला असतो. वेळ दिला तर ते तो स्वतःच परत खाऊन टाकतं. बिअरला खमंग लोण्याचा वास येत असेल, तर बहुतेक वेळा करणाऱ्याला धीर नव्हता, असंच समजावं.

मग तळाशी उरतो तो साका. तो एक-दोन वेळा पुन्हा वापरता येतो. फक्त आता शिदोरी संपलेली असते, त्यामुळे या खेपेला काढ्यात हवा मिसळावीच लागते. ब्रुअऱ्यांमध्ये हा साका टनावारी निघतो. इंग्लंडमध्ये बर्टन-ऑन-ट्रेंट या बिअरच्या गावी १९०२ मध्ये त्याचा कारखाना निघाला आणि त्याचा काळा, खारट अर्क ‘मार्माइट’ नावानं पावाला लावून खाल्ला जाऊ लागला. याच मार्माइटचा मुंबईशी एक धागा आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा पांडुरोग होत असे, त्याचं कारण त्या शोधत होत्या. यीस्टच्या या अर्कानं तो बरा होतो, असं त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. गरोदर स्त्रियांना आज दिल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये तोच असतो.

घरच्या बाटलीच्या तळाशीही या साक्याचा पातळ थर बसतो. बाटली पंधरा दिवस उबेला ठेवावी, मग थंड जागी उभी ठेवावी, आडवी कधीच नाही. ओतताना ग्लास तिरका धरावा, मध्ये न थांबता एकाच धारेत ओतावी, आणि तळ ढवळून वर येऊ लागलेला दिसला की बोटभर बिअर बाटलीतच राहू द्यावी.